मला पालथा कोण घालणार?

मित्रांनो, मी एक जुना खल आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, मध्यम वाडग्याएवढा आणि एका बाजूला ओठ काढल्यासारखी चोच असलेला. लाकडी मुठीचा बत्ता हा माझा जन्माचा सोबती. माझे सारे आयुष्य एका औषधाच्या दुकानात, एका बाईंच्या हाताखाली गेले. एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो. पुढचे सांगू लागलो की माझा गोंधळ होतो. मी दुकानातला की घरातला? माझे काम संपले की राहिले? बाई मला तसाच उताणा ठेवून गेल्या, ते विसरून की मुद्दाम? कितीतरी दिवस मला यातले काही उमगत नव्हते. म्हणून तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. सांगता सांगता माझेही डोके ताळ्यावर येईल.

माझा जन्म भट्टीतला. आधी मी नुसता मऊ चिखल होतो. चाकावर फिरवून मला आकार दिला, वाळवला आणि मग भट्टीत घातला. बाहेरून मला छान चकाकी आली, पण आतून मला खरखरीतच ठेवले. शेजारी कपबश्या होत्या, त्या आतबाहेर गुळगुळीत. त्या मला हसायच्या. "याला आतून झिलई द्यायला विसरले वाटतं!" मलाही तेच वाटे. आपल्यात काहीतरी राहून गेले आहे, ही शंका घेऊनच मी गवतात गुंडाळला गेलो आणि पेटीत बसून दुकानात आलो.

पेटी उघडली ती बाईंनी. तेव्हा त्यांना कोणी बाई म्हणत नव्हते. औषधशास्त्राचा अभ्यास नुकताच पुरा केलेली, लांब वेणीची ती एक सडसडीत मुलगी होती. तिने माझ्या पोटात बोट फिरवले आणि म्हणाली, "वा, छान खरखरीत आहे. गुळगुळीत असता तर परत पाठवला असता." मित्रांनो, माझी जन्माची शंका त्या एका बोटाने पुसली गेली.

दुकान दवाखान्यासमोरच्या रांगेत होते. अरुंद, पण खोल. पुढे लाकडी काउंटर, त्यामागे पडदा आणि पडद्याआड औषधे करायचा ओटा. ओट्याला नळ, कोपऱ्यात काचेच्या पेटीतला नाजूक तराजू आणि त्याच्या शेजारी माझी जागा. सुरुवातीला येणारी माणसे मुलीकडे बघून बावरत.

"मालक कुठे आहेत?"

"मीच."

"बरं. मग औषधं करणारे कुठे गेले?"

"तीही मीच."

"आणि झाडलोट?"

"तीसुद्धा मीच करते. बसा आता, चिठ्ठी द्या."

बाईंच्या दुकानात माझ्यासाठी एक खास नियम होता. तो कसा जन्मला ते सांगायलाच हवे, कारण माझा पुढचा सगळा गोंधळ त्या नियमातूनच आला. एकदा बाई पोटदुखीची पूड घोटत होत्या. तेवढ्यात काउंटरवर एक शेजारीण आली आणि आपल्या जावेची कागाळी सांगू लागली. कागाळी चांगली लांबलचक होती. ती ऐकून बाई ओट्याशी परतल्या आणि त्यांचा हात थबकला. दुसरे औषध घातले की घालायचे राहिले? दोन्ही पांढरी शुभ्र. नुसते बघून काय कळणार? बाईंनी क्षणभर विचार केला आणि माझ्या पोटातले सगळे कचऱ्याच्या टोपलीत ओतले.

"अगं बाई, एवढं चांगलं औषध टाकलंत?" त्या शेजारणीने पडद्यातून डोकावून विचारले.

"चांगलं आहे की नाही तेच ठाऊक नाही, म्हणून टाकलं," बाई म्हणाल्या. मग मला धुऊन त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या दिवसापासून नियम ठरला. मी ओट्यावर उताणा असेन तर काम चालू आहे. तेव्हा बाईंशी कोणी बोलायचे नाही आणि मला कोणी हात लावायचा नाही. काम पुरे झाले की बाई मला धूत, कोरडा पुसत आणि पालथा घालत. पालथा घालताना तोंडातल्या तोंडात म्हणत, "झालं." तो एवढासा शब्द ऐकला की मला गाढ समाधान वाटे. बाईंनी अर्धे काम सोडून मला उताणा ठेवला, असे दुकानात कधी घडले नाही.

शेजारच्या गाळ्यात एक शिंपी होता. बोटाला सुई टोचून सूज आली म्हणून तो एकदा मलम न्यायला आला. मलम चांगले होते, बोट बरे झाले. पण पुढच्या आठवड्यात तो दुसरे बोट घेऊन आला. मग तिसरे.

"शिंप्याच्या बोटाला इतक्या वेळा सुई लागते?" बाईंनी विचारले.

"सुईच वाईट आहे हो."

"सुई नाही, नजर वाईट आहे. हातातलं सोडून इकडे बघत शिवता, मग टोचेल नाहीतर काय?"

शिंपी लाजला, पण यायचा थांबला नाही. यथावकाश त्यांचे लग्न झाले आणि दोन दुकानांमधल्या भिंतीत एक दार पडले. त्या दाराशी तो यायचा आणि आत पाऊल टाकण्याआधी बाहेरूनच विचारायचा, "औषधवाली, खल कसा आहे? उताणा की पालथा?" मी पालथा असलो तरच तो पुढे बोले. जगात इतके शहाणे नवरे फार नसतील.

त्या शिंपीबुवांची एक जुनी मागणी होती. कापडावर खुणा करायच्या खडूची चपटी वडी असते ना, ती सारखी तुटते. तुटलेले तुकडे ते एका पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात साठवत. तो डबा ते जिवापलीकडे जपत.

"एकदा तुझ्या खलात एवढं घोटून दे," ते म्हणायचे. "पाण्याचा हात लावून थापतो, नव्यासारखी वडी होईल."

"माझा खल माणसांच्या पोटासाठी आहे. कापडाचा खडू त्यात नाही घालायचा."

"कापडही माणसंच घालतात ना?"

"घालतात. गिळत नाहीत."

झाले! दरवर्षी एकदोनदा तरी हा संवाद व्हायचा, आणि दर वेळी डबा पुन्हा फळीवर जायचा.

माझ्या कामाचे दिवस भरगच्च होते. तेव्हा आजच्यासारख्या तयार गोळ्यांच्या चकचकीत पट्ट्या नव्हत्या. खाजेचे मलम, घशाची पूड, तान्ह्या बाळांची औषधे, सारे माझ्या पोटात व्हायचे. "कुटायचं नाही, घोटायचं," असे बाई स्वतःलाच सांगत. बत्ता मधून कडेला आणि कडेवरून पुन्हा मध्ये असा फिरे. त्यांच्या मनगटाला घाई नव्हती आणि आळसही नव्हता. कधी त्या पोटुशी असत, कधी मूल पाठुंगळीला असे, पण मनगटाची चाल तीच.

त्यांच्या मुली-मुलांचे घरचे अभ्यास याच ओट्याखाली खोक्यावर बसून झाले. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा घरी त्यांच्याजवळ कोण बसणार, म्हणून बाईंनी त्यांची खुर्चीच काउंटरजवळ मांडली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देत. "कशाला गोळ्या खाता? जरा चाला, लवकर झोपा."

"आई, दुकान बंद पाडाल माझं," बाई म्हणत.

"पडू दे. माणसं तरी उठून चालायला लागतील." आणि दोघी हसत.

एकदा स्टेशनवरचा हमाल आपले अगदी अशक्त, मांजराच्या पिल्लाएवढे बाळ घेऊन आला. दवाखान्यातून जे औषध लिहून दिले होते ते फक्त मोठ्या माणसांच्या गोळीत मिळत होते. बाईंनी ती गोळी माझ्या पोटात इतकी बारीक घोटली की फुंकर मारली तर उडून जावी. दुधापासून काढलेल्या साखरेच्या पुडीत ती मिसळून तिच्या चिमुकल्या पुड्या बांधल्या. हमाल रोज पुडी न्यायला यायचा आणि रोज सांगायचा, "आज जरा रडली." बाई म्हणायच्या, "रडू दे. रडते म्हणजे जोर आला." ती मुलगी जगली, मोठी झाली. गल्लीत सगळे तिला पुडीवाली म्हणू लागले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पुडी द्यावी तर बाईंनीच." बाईंनी ते ऐकून मला नेहमीसारखा धुतला, पुसला, पालथा घातला आणि म्हणाल्या, "झालं." तेवढेच. पण त्या दिवशी मला बाहेरून आणखी चकाकी आल्यासारखे वाटले.

मग काळ बदलला. तयार औषधे आली. माझे काम कमी होत गेले. मी ओट्यावरून फळीवर गेलो. कोणीतरी माझ्याखाली रबरबँड ठेवू लागले, कोणी पेनांची टोपणे. बाईंची थोरली लेकही औषधशास्त्र शिकून दुकानात उभी राहिली. आता काउंटर तीच सांभाळी. बाई मात्र अधूनमधून मला काढत. कुणाच्या तान्ह्यासाठी, कुणाला गोळी गिळता येत नाही म्हणून. मला विसरल्यासारखे वाटे, पण टाकून दिल्यासारखे कधी वाटले नाही.

आता येथून पुढचे नीट ऐका. येथेच माझ्या डोक्याचा गुंता झाला.

बाई थकल्या होत्या. चहात साखरेऐवजी मीठ घालू लागल्या होत्या. लेकीला कधी आपल्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत. एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून दुकानात आल्या. शिंपीबुवा म्हणाले, "नवी पद्धत दिसतेय. मीही एक पाय विजारीत आणि एक लेंग्यात घालून येतो." बाई खूप हसल्या. पण लेक हसली नाही. ती चपलांकडेच बघत राहिली.

एके दिवशी लेक दात काढून घ्यायला गेली होती. दुकानात बाई एकट्याच होत्या. तेवढ्यात पुडीवाली आली. होय, तीच! आता तिच्या कडेवर तिचे स्वतःचे बाळ होते, आणि त्याच्यासाठी पुड्या हव्या होत्या. बाईंचा चेहरा उजळला. "अगं, तुझ्या पुड्या मीच केल्या, आता तुझ्या बाळाच्याही मीच करते," म्हणत त्यांनी मला फळीवरून खाली घेतले. मी उताणा झालो. एक औषध पोटात पडले. बत्ता फिरू लागला. आणि मग थांबला.

बाई माझ्या आत बघत राहिल्या. कोणी कागाळी सांगायला आलेले नव्हते. दुकान शांत होते. तरी त्या पुटपुटल्या, "घातली का मी साखर?" त्यांनी सगळे टोपलीत ओतले, मला धुतले आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. बत्ता थांबला. पुन्हा टोपली.

मग त्यांनी मला खूप वेळ धुतले. पदराने पुसले. पडद्याबाहेर जाऊन त्या पुडीवालीला म्हणाल्या, "थोडं थांब हं बाळा. माझी लेक येईलच, ती करून देईल." आणि आत येऊन त्यांनी मला पालथा घातला नाही. मला आणि बत्त्याला एका पंच्यात गुंडाळले, पिशवीत घातले आणि घरी नेले.

मी चक्रावून गेलो. दुकानाची वस्तू घरी न्यायची नाही, हा त्यांचा दुसरा कडक नियम. मग मला का नेले? मला वाटले, माझ्यातच खोट निघाली. कुठेतरी तडा गेला असेल आणि औषध त्यात मुरत असेल, म्हणून बाईंचा अंदाज चुकतोय. कपबश्या म्हणत होत्या तेच खरे. माझ्यात पहिल्यापासूनच काहीतरी राहून गेले आहे.

घरी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. पालथा होतो, पण ओट्यावर नव्हतो. बाई दुकानात जात, काउंटरजवळच्या खुर्चीत बसत, संध्याकाळी परतत. मला कोणी विचारत नव्हते. मी दुकानातला राहिलो नव्हतो आणि घरातला झालो नव्हतो.

असे काही महिने गेले. मग एका दुपारी घरात कोणी नसताना बाई खिडकीशी आल्या. त्यांनी मला उताणा केला. माझ्या पोटात काहीतरी कडक, चपटे, खडबडीत येऊन पडले. बत्ता फिरू लागला. मधून कडेला, कडेवरून मध्ये. अगदी पूर्वीची चाल! मला इतका आनंद झाला की काय घोटतोय हे विचारायचे भानही राहिले नाही. पांढरीशुभ्र, निसरडी पूड होती. अंगाला लावायच्या पावडरीत असते तशी, पण तिला औषधाचा वास नव्हता. बाकीचे जिन्नस नंतर पडतील, असे मी धरून चाललो.

बाईंनी बत्ता कडेला टेकवला. "उरलेलं चहानंतर," त्या म्हणाल्या. "जरा पाठ टेकते."

आणि त्या परत आल्या नाहीत.

मित्रांनो, मला मरण कळत नाही. मी भट्टीतून आलेला, मला नुसते फुटणे ठाऊक आहे. घरात माणसे येऊ लागली, दाराशी चपलांचा ढीग झाला, तेव्हा मला वाटले दुकानच घरी आले असावे. इतकी माणसे एरवी कशाला येतील? पण कोणी चिठ्ठी देत नव्हते. कोणी औषध मागत नव्हते. सगळे हळू आवाजात "बाई गेल्या" म्हणत होते. गेल्या असतील तर येतील, मी उताणा आहे ना! मी उताणा असताना बाई कुठे जात नाहीत.

मग लेक स्वयंपाकघरात आली. तिची नजर खिडकीकडे गेली आणि ती जागच्या जागी थिजली.

"उताणा?" ती स्वतःशीच म्हणाली.

तिने पूड चिमटीत घेतली, चोळली, हुंगली. तिला काही कळेना. तिने माझ्यावर एक ताटली झाकली आणि दार लावून रडली. तिच्या मनात काय होते ते मला हळूहळू कळले. आई दोन पायांत दोन चपला घालत होती. चहात मीठ घालत होती. आणि त्याच आईने घरात, कोणाला न सांगता, काहीतरी औषध करायला घेतले होते. कोणासाठी? आणि याच्या आधीही असे कोणाला काही करून दिले असेल तर? एखाद्या बाळाच्या पोटात भलतेच गेले असेल तर?

तिने दुकान उघडलेच नाही. लोकांना वाटले, दुःख आहे. दुःख होतेच, पण दुकान बंद होते ते भीतीने. ती फोन घेऊन बसे आणि एकेका ओळखीच्या घरी विचारी, "आईने तुमच्याकडे कधी पुडी दिली होती का हो? नाही, नाही, काही नाही. सहज विचारलं." वडिलांसमोर मात्र ती चकार शब्द काढत नसे.

शिंपीबुवांचे वेगळेच चालले होते. ते घरभर एकच विचारत फिरत.

"माझा डबा कोणी रिकामा केला?"

"कुठला डबा, बाबा?"

"तुकड्यांचा. आत एक तुकडा नाही."

"बाबा, आत्ता डब्याचं काय घेऊन बसलात? चहा घेता का?"

"चहा घेतो. पण डबा कोणी रिकामा केला?"

सगळ्यांना वाटले, म्हाताऱ्याला दुःखाने काही सुचत नाही. आणि मी? मीही तेच म्हणालो. माझ्या पोटात काय आहे याच्याशी त्या डब्याचा काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही आले नाही. माझे चित्त एकाच गोष्टीत अडकले होते. मला पालथा कोण घालणार?

एक दिवस पुडीवाली बाळाला घेऊन दारात आली. "ताई, दुकान कधी उघडताय? याचं औषध संपत आलंय."

लेकीने तिला आत घेतले आणि दबक्या आवाजात विचारले, "खरं सांग, आईने तुला काही करून दिलं होतं?"

"नाही ओ. तुम्हीच तर दिलं. पडद्याच्या फटीतून दिसत होतं मला, बाईंनी आधी दोनदा करायला घेतलं नि दोनदा टाकून दिलं. मग म्हणाल्या, लेक येईल ती देईल. मला वाटलं, माझ्यावर रागावल्या की काय."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे आईला जमत नव्हते. आणि तरीही तिने खल घरी आणून पुन्हा काहीतरी घोटले! लेकीचा गुंता सुटायच्या ऐवजी आणखीच आवळला. पुडीवाली गेल्यावर तिने माझ्यावरची ताटली काढली. "चांगलं आहे की नाही ते ठाऊक नसलं की टाकायचं," ती आईच्याच सुरात म्हणाली आणि मला उचलून टोपलीवर तिरका धरला.

तेवढ्यात शिंपीबुवा रिकामा डबा हलवत आत आले. "हे बघ. औषधाला म्हणून तुकडा ठेवला नाही." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "अगं, ते काय आहे?"

"काही नाही बाबा. तुम्ही बाहेर बसा."

"थांब, ओतू नकोस."

त्यांनी माझ्या पोटात बोट बुडवले. ते पूड लागलेले बोट त्यांनी आपल्या काळ्या सदऱ्याच्या बाहीवर ओढले. पांढरी, सरळ, बारीक रेघ उमटली. मग हाताने झटकली. रेघ गेली.

"माझाच खडू आहे," ते म्हणाले.

लेकीने मला पुन्हा खिडकीत ठेवले.

"औषधवालीने खडू घोटला!" शिंपीबुवा हसायला लागले. हसता हसता खाली स्टुलावर बसले आणि डोळे पुसू लागले. "सगळं आयुष्य मागत होतो. एकदासुद्धा दिला नाही."

"पण बाबा, आईने औषधाच्या खलात खडू? तिने असं कधीच केलं नसतं."

"औषधाचा राहिलाच नव्हता ना तो. त्या दिवशी पिशवीत घालून घरी आली आणि मला म्हणाली, 'अहो, आज माझा हात दोनदा थांबला. तिसऱ्यांदा लावायची छाती झाली नाही. औषध करणं मी आजपासून सोडलं. हा खल आता तुमचा.' मला वाटलं, थट्टा करते आहे."

"त्या दिवसापासून तिने एकही पुडी केली नाही?"

"हातही लावला नाही. दुकानात नुसती बसायची. तिला करमायचं नाही ना घरी."

"मग मला का नाही सांगितलं?" लेक जवळजवळ ओरडलीच.

"तिने बजावलं होतं. 'पोरीला सांगू नका, ती दुकान टाकून माझ्याभोवती फिरत बसेल.' आणि तू काय केलंस गं? इतके दिवस मनात कुढत बसलीस, मला एका शब्दाने विचारलं नाहीस!"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"वा! म्हणजे मी तुला जपतोय, तू मला जपतेस आणि मधल्यामध्ये तो बिचारा खल उताणा पडलाय."

लेक त्यांच्या पायाशी बसली. ती म्हणाली, "म्हणजे तिला कळलं होतं."

"आपल्या सगळ्यांच्या आधी," शिंपीबुवा म्हणाले.

मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्यात खोट नव्हती. तडा नव्हता. ज्या हाताने मला जन्मभर चालवले, त्या हाताला आपला थकवा कळला होता, आणि कोणाच्या बाळाला त्याची झळ लागायच्या आत त्याने मला दुकानातून उचलले होते. आणि मग, सगळी औषधे संपल्यावर, तो हात पहिल्यांदा स्वतःच्या माणसासाठी घोटायला बसला होता. तेच काम अर्धे राहिले होते.

शिंपीबुवांनी बाह्या सरसावल्या आणि बत्ता हाती घेतला. पहिलाच दणका असा दिला की मी खिडकीत नाचलो.

"बाबा, कुटायचं नाही, घोटायचं!"

"मला शिकवतेस?"

"आईचा खल आहे. फुटला तर ती येऊन भांडेल."

"येऊ दे की," ते म्हणाले. आणि बत्ता हळूहळू मधून कडेला जाऊ लागला. पूड मैद्यासारखी झाल्यावर त्यांनी पाण्याचा हात लावला, डब्याच्या झाकणात ती थापली आणि सावलीत वाळत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने दुकान उघडले. पहिली आली ती पुडीवाली. लेकीने पडद्याआड जाऊन नव्या खलात बाळाच्या पुड्या केल्या. मला तिने परत नेले नाही. "एकदा खडू घातला, आता औषध नाही," ती म्हणाली. "आईने ठरवलं तेच." मला वाईट वाटले नाही. आता मी घरातच, शिंपीबुवांच्या शिलाई मशीनशेजारी असतो. वडी छान झाली आहे. तिची रेघ बारीक उमटते आणि झटकली की जाते.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे थकलेले हात असतील. त्यांनी एखादे आवडीचे काम एकाएकी सोडले, जिवापाड जपलेली वस्तू कोणाला देऊन टाकली, तर म्हातारपणाचा विक्षिप्तपणा म्हणून हसून सोडून देऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. मी विचारू शकत नव्हतो, माझ्या तोंडाला नुसती चोच आहे. तुम्हाला तर जीभ आहे. आणि आम्हा जुन्या वस्तूंनाही जपा. अडगळीत टाकण्याआधी एकदा बघा, आमच्या पोटात कोणाचे अर्धे राहिलेले काम तर नाही ना?

एवढे सांगितल्यावर शेवटचे एक राहिले. वडी थापली त्या संध्याकाळी शिंपीबुवांनी मला नळाखाली धुतले. बाईंसारखे नाही, सदरा भिजवून घेत, पाणी चहूकडे उडवत. मग सदऱ्यालाच पुसले. मला दोन्ही हातांत धरून ते काही वेळ उभे राहिले. मला कसा ठेवायचा हे ते विसरले की काय, या धास्तीने माझा जीव गोळा झाला.

पण ते विसरले नव्हते. सगळे आयुष्य त्यांनी दारातून हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी मला सावकाश वळवले, मशीनशेजारी पालथा घातला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"झालं गं."